उजळलेला ठिपका म्हणजे निदान नव्हे

कर्करोगाच्या गाठीतील बदललेल्या प्रथिनांविरुद्ध शरीर अनेकदा प्रतिपिंडे तयार करते. ती शोधण्यासाठी काचपट्टीवर हजारो प्रथिनांचे ठिपके बसवून त्यावर रुग्णाचा रक्तद्रव सोडायचा आणि कोणते ठिपके उजळतात ते पाहायचे, हे प्रोटीन मायक्रोअ‍ॅरेचे तंत्र. मुंबई आयआयटीच्या संशोधकांनी सुमारे १७ हजार मानवी प्रथिनांच्या पट्टीवर मेंदूतील ग्लायोमा या गाठीच्या रुग्णांचे नमुने तपासले. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूतून तुकडा काढण्याची जोखीम पाहता रक्तातली खूण मोलाचीच.

पण हजारो ठिपक्यांत काही योगायोगानेही उजळतात, आणि अशी प्रतिपिंडे निरोगी माणसातही सापडतात. म्हणून वेगळ्या, मोठ्या रुग्णसमूहांवर पडताळणी अटळ. घोडे अडते ते इथेच: नव्या शोधाला मथळा मिळतो, पडताळणीच्या रटाळ कामाला कोणी विचारत नाही. सरकारने तिच्यासाठी आणि रुग्णालयांतील नमुने जपण्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. तोवर ‘थेंबभर रक्तात कर्करोग ओळखा’ अशा जाहिरातींना वाचकांनी भुलू नये.