फॅकल्टी एक्सलन्स म्हणे!

आमच्या हापिसात लंचला पुण्यातल्या शाळांची चर्चा चालते. उत्तम शिक्षक म्हणजे काय, तर डिग्र्या आणि एसी वर्ग. बरं!

आता गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यातलं हेमलकसा घ्या. लोकबिरादरी प्रकल्प १९७३चा, तिथली आश्रमशाळा १९७६ची. प्रकाश आणि मंदाकिनी आमटेंना २००८ साली मॅगसेसे मिळालं. 'देवमाणसं हो!' म्हणत आपण हात जोडतो आणि सुटतो. पण तिथल्या मास्तरांचं काम बघा जरा. पोर बोलतं माडिया, द्राविडी कुळातली भाषा; पुस्तक मराठीत. म्हणजे पहिला धडा मास्तरांनीच गिरवायचा, पोराच्या भाषेचा. हे पुण्य नव्हे राव, कसब आहे, आणि ते यायला वर्षं जातात.

अशीच पोरं जिल्ह्यातल्या सरकारी आश्रमशाळांतही आहेत. २०२५मध्ये आदिवासी विकास विभागाने त्या शाळांतली शिक्षकांची पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे एजन्सीमार्फत भरायचं ठरवलं. आपल्या धंद्यात हे रोजचंच. कंत्राटी माणसाला कोड कळेपर्यंत त्याचं कंत्राट संपतं, मग नवा येतो, पुन्हा केटी... इथे कोडच्या जागी सहा वर्षांचं पोर आहे. त्याचं हँडओव्हर डॉक्युमेंट कोण लिहिणार?