संगणकाच्या वर्गात मराठीचा तास

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती तालुका ओलांडून इंदापूरकडे जाते. डोक्याकडच्या शेताला आवर्तन आधी मिळते. टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते ते उरलेसुरले. आवर्तन पूर्ण झाल्याची नोंद कागदावर होते, पण शेवटच्या पोटचारीत पाण्याची धार क्षीण झालेली असते. गेल्या पाव शतकात या दोन तालुक्यांत संगणकशिक्षणाचा जो कालवा आला, त्याच्याही टेलला एक विषय राहिला. तो विषय म्हणजे मराठी. ज्या भाषेत इथली बहुसंख्य मुले विचार करतात, भांडतात आणि स्वप्ने पाहतात, त्या भाषेच्या तासाला संगणक सर्वांत शेवटी पोहोचला. आणि पोहोचला तोही बहुधा चित्रफिती दाखविणारे यंत्र म्हणून.

या परिसराला शिक्षणाच्या बाबतीत मागासलेला कोणी म्हणणार नाही. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ सालचे, तर विद्या प्रतिष्ठान १९७२ सालचे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने संगणक बसविलेली बस गावोगावच्या शाळांपर्यंत नेली, तेव्हा राज्यातील अनेक शहरी शाळांतही संगणककक्ष नव्हता. म्हणजे साधनांचा अभाव हे एकमेव कारण नाही. मग मराठीचा शिक्षक मागे का राहिला? ‘भाषेच्या मास्तरांना यंत्राचे वावडे असते’ हे सोपे उत्तर अनेकदा दिले जाते. ते अन्यायाचे आहे.

उशिराचे खरे कारण

इंग्रजीच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाला संगणक पहिल्या दिवसापासून कामाचा होता. मराठीच्या शिक्षकापुढे मात्र दीर्घकाळ एक भिंत उभी होती. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी टंक निराळा असे. वरून दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी वळणे बसविलेली. परिणामी शाळेत टंकलिखित केलेली प्रश्नपत्रिका तालुक्याच्या गावी दुसऱ्या संगणकावर उघडली, की प्रश्नांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटे. जे लिहिले ते दुसऱ्याला वाचताच येत नसेल, तर त्या यंत्रावर भाषेच्या शिक्षकाने विश्वास का ठेवावा?

ही भिंत युनिकोडने पाडली. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. तथापि सामान्य संगणकांवर ही पद्धत रुळेपर्यंत पुढचे दशक उलटून गेले. ‘ॲप’ या शब्दातील ‘ॲ’ या अक्षराला तर स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडावे लागले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला आणि लिपी यांचे प्रमाणीकरण करणारा निर्णय काढला, पण आजही अनेक पडद्यांवर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. पहिलीतले मूल पाटीवर एक ‘ल’ गिरवते आणि पडद्यावर दुसराच पाहते. हा फरक ज्याच्या ध्यानात येईल असा वर्गातील एकमेव माणूस म्हणजे भाषेचा शिक्षक. संगणक दुरुस्त करणाऱ्याला तो दिसणार नाही.

प्रशिक्षण यंत्राचे की विषयाचे?

शिक्षकांना शिकविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. एमएस-सीआयटीची परीक्षा हजारो शिक्षकांनी दिली. २०१७ साली ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत आले. भीमेपलीकडे, इंदापूरच्या शेजारच्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी असे संकेत पाठ्यपुस्तकात आणण्याचा प्रयोग त्याआधीच केला होता. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ग्रामीण शिक्षक काय करू शकतो, याचे याहून निराळे प्रमाण नको.

त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जे वीस वर्षांत घडले नव्हते ते काही आठवड्यांत घडले. निवृत्तीला आलेले शिक्षकही भ्रमणध्वनीवरून कवितावाचनाची ध्वनिमुद्रणे पाठवू लागले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाले. ही धडपड खरी होती. तिच्यामागे मुलांविषयीची कळकळ होती. परंतु घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर फडात किंवा कारखान्यावर गेलेला, ही अडचण कोणत्याही ॲपने सुटणारी नव्हती.

या साऱ्या प्रवासात एक उणीव कायम राहिली. शिक्षकाला यंत्र शिकविले गेले. त्या यंत्राच्या साहाय्याने मराठी कशी शिकवावी, हे शिकविले गेले नाही. कळ कोठे दाबायची, खाते कसे उघडायचे, चित्रफीत कशी लावायची, एवढ्यावर प्रशिक्षण संपते. अशा प्रशिक्षणातून बाहेर पडलेला शिक्षक पडद्याचा चालक होतो. मुले पाहतात, ऐकतात, टाळ्या वाजवितात. पण लिहीत नाहीत, बोलत नाहीत. भाषेचा तास मुलाच्या तोंडून आणि लेखणीतून व्हावयास हवा. जे साधन मुलाला अधिक लिहावयास, अधिक बोलावयास, अधिक नेमके वाचावयास लावते, ते साधन भाषेच्या कामाचे. बाकी सारी करमणूक. ही कसोटी लावण्याचा अधिकार शिक्षकाचा आहे आणि तो त्याने कोणाकडेही गहाण टाकू नये.

बारामतीचे मोरोपंत, इंदापूरचा फड

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लावता येईल, हे पाहावयास बारामतीहून दूर जावे लागत नाही. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळगडावर जन्मले, पण त्यांचे काव्यजीवन बहरले ते बारामतीस, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. त्यांची आर्या म्हणजे मात्रांचा काटेकोर हिशेब. तिच्या प्रत्येक ओळीत बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा असतात आणि शास्त्राच्या भाषेत ती ‘गीती’ ठरते. आता सर्वांना एकाच वेळी भरता येणारा ऑनलाइन तक्ता घ्यावा. एका रकान्यात एक अक्षर, खालच्या रकान्यात लघूला एक आणि गुरूला दोन. बेरीज यंत्र करील. पण जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू का, अनुस्वाराने काय बदलते, हे मुलालाच ठरवावे लागेल. बेरीज तीस आली नाही की चूक शोधण्यासाठी साऱ्या वर्गाची झुंबड उडेल. बारामतीचा वर्ग आणि इंदापूरचा वर्ग एकाच तक्त्यावर बसू शकतात. जे वृत्त मुले वर्षानुवर्षे घोकून विसरत आली, ते अशा तासाला हाताला लागते.

दुसरे उदाहरण श्रुतलेखनाचे. बोललेले मराठी लिहून देणारी सोय २०१७ पासून साध्या भ्रमणध्वनीवर आहे. ती वेगवान आहे आणि चुकतेही भरपूर. शिक्षकाने ही चूकच वर्गात आणावी. मुलाने परिच्छेद वाचावा, यंत्राने लिहावा आणि वर्गाने तो तपासावा. ऱ्हस्व-दीर्घ कोठे बिघडले? गावाचे नाव का ओळखता आले नाही? ज्या मुलाला स्वतःच्या वहीतील लाल खुणांचा कंटाळा येतो, तोच यंत्राच्या चुका मोठ्या उत्साहाने काढतो आणि नकळत शुद्धलेखन शिकतो. मात्र येथे एक जपणूक हवी. मुलाच्या घरची बोली यंत्राला कळली नाही, तर दोष बोलीचा नव्हे. प्रमाणभाषा कोठे आणि बोली कोठे, हा विवेक शिक्षकच देऊ शकतो.

तिसरे उदाहरण अधिक मोलाचे. या दोन्ही तालुक्यांची बोली उसाच्या शब्दांनी भरलेली आहे : लागण, खोडवा, पाचट, वाढे, मोळी, मुकादम, टोळी, फड. मुलांनी आजी-आजोबांचे, ऊसतोड कामगारांचे, गुऱ्हाळावरच्या जाणत्यांचे बोलणे त्यांच्या अनुमतीने ध्वनिमुद्रित करावे, शब्द टिपावेत आणि ते कोशात शोधावेत. मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मराठी विश्वकोशही महाजालावर आहेत. जे ग्रंथ एकेकाळी पुण्याच्या ग्रंथालयात जाऊन उघडावे लागत, ते आज निमगाव केतकीच्या वर्गात उघडतात. एकट्या ‘फड’ या शब्दाचेच पाहा. उसाचा फड, कुस्तीचा फड, तमाशाचा फड, वारकऱ्यांचा फड आणि ‘फडणीस’ या आडनावात दडलेला सरकारी दप्तराचा फड! यातील उसाचा फड मुलाच्या घरामागे आहे आणि वारकऱ्यांचा फड आषाढीपूर्वी त्याच्या दारावरून जातो. कारण तुकोबारायांची पालखी बारामती, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर याच वाटेने पंढरीस जाते. शब्दाला इतके अर्थ आणि त्यांतले अर्धे आपल्या अंगणातले, हे कळलेला मुलगा आपल्या भाषेची लाज बाळगणार नाही.

आणखी एक मूल विसरता कामा नये. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांबरोबर शाळा सोडून आलेले मूल कारखान्याच्या परिसरात दिसते. त्याच्या मूळ गावच्या शिक्षकाने पाठविलेली एक ध्वनिचिठ्ठी, एक गोष्ट, एक लेखनकार्य त्या मुलाचा शाळेशी असलेला धागा शाबूत ठेवू शकते. ऑनलाइन साधनाचा याहून न्याय्य उपयोग कोणता असेल?

सावधपण हवेच

अर्थात, साधनाबरोबर संकटही येते. मागितल्याबरोबर निबंध लिहून देणारी यंत्रे २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आली. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर ती क्षणात दोन पाने भरून देतात. यावर बंदीचा उपाय टिकणार नाही. उपाय आहे विषय बदलण्याचा. भिगवणच्या मासळीबाजारातील पहाट, उजनीचे पाणी ओसरल्यावर उघडे पडणारे पळसदेवचे जुने मंदिर, आजोबांनी सांगितलेली धरणात गेलेल्या गावाची हकिकत, हे विषय यंत्राला पाहून लिहिता येणार नाहीत. शिवाय ऑनलाइन लेखनपत्रात प्रत्येक खर्ड्याची नोंद राहते. मूल कोठे अडले, काय खोडले, हे शिक्षकाला दिसते. केवळ अंतिम उत्तर तपासण्यापेक्षा हे खर्डे तपासणे म्हणजे लेखन शिकविणे होय.

त्याचबरोबर मुलांचे चेहरे, आवाज आणि पत्ते उघड्यावर टाकू नयेत, पालकांची संमती घ्यावी आणि हस्ताक्षराला पर्याय म्हणून पडदा आणू नये, ही पथ्येही पाळावयास हवीत.

तुपाची शाई

नव्या साधनापुढे मराठी समाज प्रथमच उभा ठाकलेला नाही. एकोणिसाव्या शतकात छपाई आली, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी निषिद्ध मानणारे लोक होते. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई तयार केली आणि १८३१ साली पंचांग छापून घरोघरी पोहोचविले, असे सांगतात. जावजी दादाजींनी स्वतः देवनागरी टंक घडविले आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले. या साऱ्यांनी साधन नाकारले नाही आणि साधनापुढे मानही तुकविली नाही. त्यांनी ते आपल्या भाषेच्या प्रकृतीप्रमाणे वळविले.

आज गरज आहे ती याच वृत्तीची. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतातच. त्यांतील एक सत्र मराठीच्या शिक्षकांनी मराठीच्या शिक्षकांसाठी घ्यावे आणि त्यात प्रत्येक वेळी एकच पाठ प्रत्यक्ष करून दाखवावा. तंत्र जाणणारा तरुण शिक्षक आणि व्याकरण जाणणारा ज्येष्ठ शिक्षक यांची जोडी लावावी. दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखे आहे. इनस्क्रिप्ट कळफलक बहुतेक संगणकांत अंगभूत आणि विनामूल्य असतो. तो प्रत्येक मराठी शिक्षकाला आणि माध्यमिक विद्यार्थ्याला आला पाहिजे. किती चित्रफिती दाखविल्या याचा अहवाल मागणे थांबवून मुलांनी किती पाने लिहिली, हे अधिकाऱ्यांनी विचारावे. आणि गावाने, माजी विद्यार्थ्यांनी शाळेचा इंटरनेट जोड चालू राहील, एवढी तरी जबाबदारी उचलावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो आनंदाचा क्षण होता. पण दर्जा दिल्लीत मिळाला तरी भाषा वाचते ती वर्गात, साठ मुलांपुढे खडू घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या बळावर. त्या माणसाच्या दुसऱ्या हातात आज एक नवे साधन आले आहे. ते कसे पेलायचे हे त्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच विषयातून शिकवावयास हवे. आवर्तन टेलपर्यंत पोहोचले तरच कालव्याला अर्थ असतो.