पिचावरमच्या कांदळवनाचे मोल कोणत्या मापाने मोजावे?

कुंभकोणम : देवदर्शनासाठी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आलेला पुण्या-नागपूरचा प्रवासी तंजावर, कुंभकोणम आणि चिदंबरम अशी फेरी करतो. सवड उरलीच, तर चिदंबरमजवळच्या पिचावरम कांदळवनात तासभर नौकाविहार करतो. या तासाचे आर्थिक मोल ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

वेल्लार आणि कोल्लिडम या नद्यांच्या मुखांदरम्यान पसरलेल्या या सुमारे १,४७८ हेक्टर वनाला एप्रिल २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पुढे २०२३-२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘अमृत धरोहर’ योजना जाहीर झाली. पाणथळींतील पर्यावरणस्नेही पर्यटन आणि स्थानिकांचे उत्पन्न वाढवणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी असल्याने अशा जागांच्या पर्यटनमूल्याला धोरणात वजन आले आहे.

हे मूल्य काढण्याची रूढ रीत म्हणजे ‘प्रवासखर्च पद्धत’. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये तिची कल्पना मांडली. पर्यटक येण्यासाठी जितका पैसा आणि वेळ खर्चतो, त्यावरून ठिकाणाचे मोल आजमावायचे. एकाच स्थळासाठी केलेल्या प्रवासाला हे माप चालते. मात्र नागपूरहून येण्याचा खर्च कुंभकोणमच्या देवळांच्या खाती मांडायचा की पिचावरमच्या? सगळा वनाच्या नावे धरला तर आकडा फुगतो, नुसते नौकेचे तिकीट धरले तर तो हास्यास्पद ठरतो. कुंभकोणमचा बारा वर्षांनी येणारा महामहम सोहळा २०२८ मध्ये आहे. त्या गर्दीतील काही जण पिचावरमलाही वळतील आणि वनात एकही झाड न वाढता त्याचे ‘मूल्य’ वाढलेले दिसेल.

त्याहून मोठी त्रुटी वेगळीच आहे. २००४च्या त्सुनामीनंतर कडलूर जिल्ह्यात झालेल्या आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किनारी झाडीमागील गावांची हानी कमी आढळली. ओडिशातील भितरकनिका परिसरात १९९९च्या महाचक्रीवादळात प्रत्येक कुटुंबाचे सरासरी नुकसान कांदळवनाआडच्या गावात सुमारे ३३ डॉलर, तर वनाविना केवळ बांध असलेल्या गावात सुमारे १५४ डॉलर झाल्याचे एका पाहणीत दिसले. टळलेल्या या नुकसानीचे तिकीट कोणी काढत नाही.

पाण्याचेही तसेच. कुंभकोणमच्या ईशान्येस कोल्लिडमवर १८३६ मध्ये बांधलेल्या ‘लोअर अनिकट’ बंधाऱ्यातून शेतीला पाणी मिळते आणि वीराणम तलावही भरतो. या तलावाचे पाणी २००४ पासून चेन्नईला जाते. शेती आणि शहर या दोन्ही दावेदारांना आवाज आहे. मुखाशी उभ्या वनाच्या वाट्याला उरलेले गोडे पाणी येते, आणि कोणत्याही पर्यटनमूल्याच्या गणितात ते बसत नाही. पिचावरममध्ये आज खारेपण सोसणाऱ्या तिवरांचेच प्राबल्य आहे. गोड्या पाण्यावर अवलंबून असलेल्या प्रजाती विरळ झाल्या तरी नौकेतील प्रवाशाला वन हिरवेच दिसेल, आणि त्या वर्षीची तिकीटविक्री कदाचित आदल्या वर्षापेक्षा अधिकही असेल.