पत्राचा अंकही सायकलवरूनच आला



‘मुंबईत आता सायकल चालवतं कोण?’ असा सवाल करणारं पत्र रविवारच्या अंकात वाचलं. तो अंक पत्रलेखकांच्या दारात बहुधा सायकलवरूनच आला असावा. आमच्या मुलुंडला तरी तसाच येतो. पहाटे स्टेशनाबाहेर गठ्ठे सुटतात, पुरवण्या आत सरकवल्या जातात आणि पावसाळ्यात कॅरियरवरच्या थप्पीवर प्लास्टिक घालून ती सुतळीनं आवळतात. पाठोपाठ पाववाला, मग भोंगा दाबत इडलीवाला. स्टेशनाबाहेर डबेवाल्यांचीही भिस्त सायकलवरच. हेल्मेट नाही, भारी कपडे नाहीत, म्हणून ही मंडळी मोजायचीच नाहीत का?

‘सायकलमार्ग बांधले तरी ओस पडतात’ हे त्या पत्रातलं विधान अर्धसत्य. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) मार्गावर गाड्या उभ्या राहिल्या, कबूल. पण कामावर येणारा माणूस निघतो घाटकोपरहून किंवा कुर्ल्याहून, आणि मार्ग फिरायचा संकुलातल्या संकुलात! तानसा जलवाहिनीलगत महापालिकेनं आखलेला मुलुंड ते शीव हा ३९ किलोमीटरचा मार्ग खरा उपयोगाचा. पण एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत सलग सायकल मारता येईल, असा तो अजून झालेला नाही.

मी स्वतः स्टेशनापर्यंत सायकलनं जातो. स्टेशनाजवळ सायकल लावायला धड जागा नाही; दोनदा सीट चोरीला गेलं. तेव्हापासून सीट काढून पिशवीत घालतो आणि लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसतो. अर्थात, बसायला मिळालं तर.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व)