तपासनीस दारातच हवा

पैसे पाठविणे, रेल्वेचे आरक्षण, शाळेचा गृहपाठ अशी कितीतरी कामे आज मोबाइलवरील अ‍ॅपमधून होतात. पण ही अ‍ॅप तयार कशी होतात? प्रोग्रॅमर मंडळी संगणकाच्या भाषेत सूचना लिहितात. हा मजकूर, इतरांनी लिहून ठेवलेले आणि उसने घेतलेले भाग, चित्रे असे सारे गोळा करून, यंत्राला कळेल अशा रूपात आणून त्याचे एक गाठोडे बांधावे लागते. या क्रियेला ‘बिल्ड’ म्हणजे बांधणी म्हणतात. मोठ्या अ‍ॅपची बांधणी दिवसातून अनेकदा होते आणि ती करतो संगणकच. माझे म्हणणे असे, की सुरक्षिततेची तपासणीही याच वेळी यंत्राने करावी, आणि गंभीर दोष आढळल्यास बांधणी थांबविण्याचा अधिकार त्या यंत्राला असावा. गॅसचा सिलिंडर भरल्यावर वजन व गळती पाहूनच तो पुढे जातो. ‘आज घाई आहे, गळती उद्या पाहू’ असे तेथे चालत नाही. मग अ‍ॅपच्या बाबतीतच का चालावे?

यावर कोणी म्हणेल, की हुशार माणसे प्रोग्रॅम लिहितात, दुसरी हुशार माणसे तो वाचतात. मग यंत्र कशाला? याचे उत्तर २०१४ साली मिळाले. आयफोन जेव्हा बँकेच्या संगणकाशी जोडला जातो, तेव्हा समोरचा संगणक खरोखर बँकेचाच आहे ना, हे तो अंकीय स्वाक्षरीवरून पडताळतो. ही पडताळणी करणाऱ्या अ‍ॅपल कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये ओळीने काही अटी होत्या. अमुक पायरीत चूक निघाली तर ‘गोटू फेल’, म्हणजे मधले सारे सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा, अशी ती सूचना होती. एके ठिकाणी ही ओळ दोनदा पडली. पहिली ओळ अटीने बांधलेली होती. दुसरीला अटच नव्हती. त्यामुळे चूक निघो वा न निघो, प्रोग्रॅम तेथून उडी मारून शेवटी जाई. स्वाक्षरी ताडून पाहण्याची पायरी होती त्याच्या खाली. तेथपर्यंत तो पोहोचतच नसे. आणि तोवर चूक नोंदलेली नसल्यामुळे निकाल मिळे, ‘सर्व ठीक’!

दोन्ही ओळींच्या आधी सारखीच मोकळी जागा सोडलेली होती. वाचणाऱ्याला वाटावे, की दुसरीही अटीखालीच आहे. माणसाचा डोळा मांडणी पाहतो. यंत्र व्याकरण पाहते. हा दोष सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या आयओएस ६ मध्येही होता. दुरुस्ती निघाली २१ फेब्रुवारी २०१४ रोजी. मधल्या सुमारे सतरा महिन्यांत, एकाच वाय-फाय जाळ्यात बसलेल्या लबाडाला बँकेचे सोंग घेऊन दुसऱ्याचा व्यवहार वाचता आला असता.

खरी चुटपुट लागते ती पुढेच. लिहिलेल्या सूचनांचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. अ‍ॅपलच्याच पाठबळाने वाढलेल्या ‘क्लँग’ या कंपायलरमध्ये ‘या ओळीपर्यंत प्रोग्रॅम कधीच पोहोचणार नाही’ असे सांगण्याची सोय तेव्हाही होती. पण ती वेगळी सुरू करावी लागे. कंपायलरच्या सर्व इशाऱ्यांसाठी म्हणून ‘डब्ल्यू-ऑल’ नावाचा पर्याय असतो, त्यातसुद्धा तिचा समावेश नव्हता. (नावात ‘ऑल’ असूनही त्यात सगळे नसते, ही प्रोग्रॅमर लोकांची जुनी गंमत आहे.) म्हणजे तपासनीस होता, पण दारात उभा नव्हता. २०१६ साली ‘जीसीसी’ या दुसऱ्या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या मांडणीबद्दल खास इशारा आला, आणि तो मात्र ‘डब्ल्यू-ऑल’मध्ये घातला गेला.

ही कल्पनाही काही नवी नव्हे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकातच ‘लिंट’ हा प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कापडाला चिकटलेला कापसाचा तंतू. सी भाषेतील मजकुरातले असे संशयास्पद तंतू तो वेचून दाखवी. आजचे तपासनीस पुष्कळ पुढे गेले आहेत. उसन्या घेतलेल्या भागांची नावे व आवृत्त्या ते ज्ञात दोषांच्या जाहीर यादीशी ताडून पाहतात. १९९९ पासून अशा दोषांना क्रमांक दिले जातात. अ‍ॅपमध्ये कोणी परवलीचा शब्द लिहून ठेवला आहे काय, हेही शोधतात. त्याची गरज आहेच, कारण अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल झिप पद्धतीचे गाठोडेच असते. जिज्ञासू विद्यार्थ्याला ते सोडून पाहता येते, तसे चोरालाही येते.

परंतु यंत्र सर्वज्ञ नाही, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या भागात ‘हार्टब्लीड’ हा भयंकर दोष उघड झाला. तो दोन वर्षे तेथे होता आणि प्रचलित तपासनिसांना दिसला नव्हता. काय शोधायचे हे शिकविल्यावरच तपासनीस ते शोधतो. शिवाय खुद्द अवजारच बिघडलेले असेल तर? सप्टेंबर २०१५ मध्ये चीनमध्ये तेच घडले. अधिकृत ठिकाणाहून ‘एक्सकोड’ हे आयफोन-अ‍ॅप बांधण्याचे साधन उतरवून घ्यायला फार वेळ लागे, म्हणून अनेकांनी ते इतरत्र मिळेल तेथून घेतले. त्यात कोणी कारस्थानी भाग मिसळला होता. लिहिलेला मजकूर निर्दोष, पण बांधलेले अ‍ॅप दूषित. ‘वीचॅट’सारखे प्रचंड खपाचे अ‍ॅपसुद्धा त्यातून सुटले नाही. म्हणून मजकुराबरोबर बांधून झालेले गाठोडे आणि बांधणारी अवजारे यांचीही तपासणी हवी.

आणखी एक आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. यंत्र उगाच फार ओरडते! उदबत्तीच्या धुरानेही वाजणारी आगीची घंटा लोक शेवटी काढून ठेवतात. शंभर इशाऱ्यांत नव्वद निरर्थक निघाले, की उरलेले दहा कोणी वाचत नाही. यावर उपाय म्हणजे नियम थोडे पण कडक ठेवणे. मोजक्या गंभीर दोषांसाठीच बांधणी थांबावी. बाकीच्यांची नोंद व्हावी. एखाद्याला इशारा बाजूला सारायचा असेल तर त्याने कारण आणि आपले नाव लिहून मगच तो सारावा. अनुभव येईल तसे नियम वाढवावेत.

आपल्या शाळांमधील संगणक-प्रात्यक्षिकांत मात्र उलट सवय लागते. प्रोग्रॅम चालला, उत्तर बरोबर आले, की गुण मिळतात; कंपायलरचे इशारे कोणी पाहत नाही. ‘गोटू फेल’चा प्रोग्रॅमही व्यवस्थित चालतच होता! खोटी स्वाक्षरी देऊन तो नकार देतो का, एवढे पाहिले असते तर दोष दिसला असता. शिक्षकांना माझी विनंती आहे, की सी भाषेच्या पहिल्या तासापासून ‘डब्ल्यू-ऑल’ सुरू ठेवावे, आणि चुकीची माहिती दिल्यावर प्रोग्रॅम काय करतो यालाही गुण द्यावेत. आलेला प्रत्येक इशारा विद्यार्थ्याने वहीत उतरवावा व तो का आला ते आपल्या शब्दांत लिहावे. याला वेगळे साधन लागत नाही की खर्च नाही. तासातली दहा मिनिटे तेवढी जास्त जातील.