नकाशावर हसायचं तर नकाशा सगळ्यांचा एकच हवा

यूट्यूबवर ‘मॅप मेन’ नावाची एक ब्रिटिश मालिका आहे. जे फोरमन आणि मार्क कूपर-जोन्स हे दोघं विनोदी कलाकार ती २०१६ पासून करताहेत. फोरमन स्वतःच गाणी रचून गाणारा, तर कूपर-जोन्स आधी शाळेत भूगोल शिकवायचा. नकाशांबद्दलचा एखादा विचित्र प्रश्न घ्यायचा, सोंगं काढायची, एकमेकांची खेचायची आणि हसवता हसवता प्रश्नाचं खरं उत्तर देऊन टाकायचं, असा सगळा मामला. २०२५ मध्ये दोघांचं ‘धिस वे अप’ हे पुस्तकही आलं. त्याचा विषय हाच: नकाशे चुकतात तेव्हा काय होतं.

योगायोग बघा, त्याच वर्षी नकाशे सतत बातम्यांत होते. गूगल मॅप्सवर एका आखाताचं नाव बदललं आणि दोन देशांत वाजलं. आफ्रिकी महासंघाने जगाचा नेहमीचा नकाशाच बदलण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. या बातम्यांकडे ‘मॅप मेन’च्या नजरेने पाहिलं, तर एक गोष्ट लक्षात येते. हे दोघं ज्या चुकांवर हसतात, त्या चुका सगळ्यांना सारख्याच दिसतात. आपल्या फोनमधला नकाशा मात्र आता सगळ्यांना सारखा दिसत नाही. मग त्यातली चूक पकडायची कोणी?

आधी हसू, मग प्रश्न

मालिकेचा एक भाग भारत-बांगलादेश सीमेवर आहे. या सीमेची गंमत सांगायला विनोदी कलाकाराला फार काही करावंच लागत नाही. २०१५ पर्यंत बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे होते आणि भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१. त्यातही ‘दहाला खागराबाडी’ नावाचा जेमतेम पावणेदोन एकरांचा तुकडा म्हणजे कहर होता. तो भारताचा, पण बांगलादेशाच्या तुकड्यात. तो तुकडा भारताच्या तुकड्यात. आणि तो बांगलादेशात. वाक्य दोनदा वाचावं लागलं ना? विनोद तिथेच आहे.

पण या ‘छीटमहालां’मध्ये ५० हजारांहून जास्त माणसं राहत होती. ज्या देशाचे नागरिक, त्या देशाची शाळा, दवाखाना किंवा मतदान केंद्र गाठायचं तर आधी परका देश ओलांडायचा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी तुकड्यांची अदलाबदल केली आणि त्यासाठी आपल्याला १०० वी घटनादुरुस्ती करावी लागली. आधी हसवायचं आणि मग ‘पण ही रेघ मारली कोणी?’ असा प्रश्न तुमच्या डोक्यात सोडून द्यायचा, ही या मालिकेची पद्धत इथे नीट दिसते.

दुसरा एक भाग आहे रशियाकडे असलेल्या ब्रिटनच्या नकाशांचा. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत लष्कराने ब्रिटिश शहरांचे इतके बारीक नकाशे केले होते की ब्रिटनच्या सार्वजनिक नकाशांत मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या जागाही त्यात भरलेल्या सापडतात. पूल कशाचा आहे, किती रुंद आहे, किती भार पेलेल, याच्याही नोंदी आहेत. उद्या रणगाडा न्यायची वेळ आली तर पूल टिकेल का, हे त्यांना माहीत हवं होतं. ही पुलाची गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक आखात, तीन नावं

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘गल्फ ऑफ मेक्सिको’चं नाव ‘गल्फ ऑफ अमेरिका’ करण्याचा आदेश काढला. फेब्रुवारीत गूगल मॅप्सने बदल केला. अमेरिकेतून पाहणाऱ्याला नवं नाव, मेक्सिकोतून पाहणाऱ्याला जुनं, आणि बाकी जगाला जुनं नाव व पुढे कंसात नवं. मे महिन्यात मेक्सिकोच्या अध्यक्ष क्लॉडिया शेनबॉम यांनी गूगलवर दावा दाखल केल्याचं जाहीर केलं.

हे तांत्रिकदृष्ट्या होतं कसं? डिजिटल नकाशा म्हणजे एक मोठं चित्र नसतं. तो डेटाबेस असतो. त्यात बिंदू, रेषा आणि आकार असतात, आणि प्रत्येकाला माहितीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: इंग्रजी नाव, मराठी नाव, जुनं नाव, सीमा वादग्रस्त आहे की नाही, वगैरे. स्क्रीनवर काय दाखवायचं हे ऐन वेळी ठरतं. त्यासाठी फोनचं सिम कार्ड, नेटवर्क आणि सेटिंगमधला देश यांवरून तुम्ही कुठले ते ओळखलं जातं. मॅपबॉक्स ही कंपनी ॲप बनवणाऱ्यांना नकाशाचा डेटा पुरवते. तिच्याकडे या सोयीचं नावच ‘वर्ल्डव्ह्यू’ आहे. कोडमध्ये भारत, चीन किंवा अमेरिका यांतलं एक मूल्य द्यायचं, की त्या देशाला मान्य असलेल्या सीमा उमटतात. एक ओळ बदलली की देश बदलला.

यात कंपन्यांची अडचणही खरी आहे. आपल्याकडचंच पाहा. फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम, १९६१ नुसार सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे भारतातून गूगल मॅप्स उघडला की जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा सलग, ठळक रेघेत दिसते. हाच नकाशा लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने उघडला, तर त्याला तिथेच तुटक रेघा दिसतात. दोघांचं ॲप एकच आहे, दोघंही कायदा पाळताहेत, पण दोघांना एकमेकांचा नकाशा दिसत नाही. आणि ‘तुम्हाला तुमच्या देशानुसार आवृत्ती दाखवली आहे’ अशी साधी पाटीसुद्धा स्क्रीनवर नसते. माझा आक्षेप आवृत्त्या असण्याला नाही, या न लावलेल्या पाटीला आहे.

सगळ्यांना दिसणारी चूक

आता उलट उदाहरण घेऊ. मर्केटरचा नकाशा १५६९ चा. दर्यावर्दी लोकांच्या सोयीचा, कारण त्यात दिशांचे कोन बिघडत नाहीत. बिघडतात ते आकार. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट मोठी आहे, पण या नकाशात दोन्ही जवळपास सारखे दिसतात. भारतही ग्रीनलंडहून मोठा आहे, हे तर नकाशा पाहून पटतच नाही.

वेबवरच्या नकाशांनीही मर्केटरचाच एक अवतार उचलला. कारण सरळ आहे: जग चौकोनात बसतं. शून्य पातळीला एक चौकोनी तुकडा, मग झूम वाढेल तसे प्रत्येकाचे चार. पंधराव्या पातळीला सुमारे १०७ कोटी तुकडे होतात, आणि तुमच्या फोनवर त्यातले हवे तेवढेच उतरतात. शिवाय कोन शाबूत राहतात, म्हणून काटकोनातला चौक काटकोनातच दिसतो. इंजिनिअर म्हणून हा निर्णय मला पटतो. गल्ली शोधायला तो उत्तमच आहे. प्रश्न येतो तो हाच नकाशा वर्गातल्या भिंतीवर जगाचं चित्र म्हणून टांगला की.

ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी महासंघाने मर्केटरऐवजी ‘इक्वल अर्थ’सारखा क्षेत्रफळ जपणारा नकाशा वापरा, या मोहिमेला पाठिंबा दिला. हा वाद इतका उघडपणे होऊ शकला, कारण ही चूक अदिस अबाबापासून अमरावतीपर्यंत सगळ्यांना सारखीच दिसते. न्यूझीलंडचंही तसंच. हा देश जगाच्या कितीतरी नकाशांत चक्क गाळला जातो. २०१८ मध्ये तिथल्या पर्यटन विभागाने त्यावरच एक विनोदी व्हिडिओ काढला आणि त्यात तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न स्वतः झळकल्या. पूर्ण देश गायब असलेला नकाशा समोर धरता आला, म्हणून तो विनोद जमला. न्यूझीलंडच्या लोकांना फोनवर आपला देश व्यवस्थित दिसत असता आणि फक्त बाकीच्या जगाला दिसत नसता, तर त्यांना ते कळायलाच किती वेळ लागला असता?

पुलाची गोष्ट

नकाशातल्या सगळ्याच चुका अशा राजकीय किंवा गमतीच्या नसतात. २४ नोव्हेंबर २०२४ ला उत्तर प्रदेशात बरेली आणि बदायूंच्या मध्ये रामगंगा नदीवरच्या पुलावरून एक गाडी खाली पडली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा एक भाग पुरात आधीच वाहून गेला होता. नेव्हिगेशनला ते ठाऊक नव्हतं. पण रस्त्यावर गाडी अडेल असा धड अडथळाही नव्हता. पोलिसांच्या गुन्ह्यात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांबरोबर गूगल मॅप्सच्या एका अधिकाऱ्याचाही समावेश होता.

सोव्हिएत नकाशांत परक्या देशातला पूल किती वजन पेलेल याची नोंद होती. आपल्या हातातल्या, सतत उपग्रहाशी बोलणाऱ्या नकाशाला आपल्याच देशातला पूल उरलाय की नाही हे कळलं नाही. पूल तुटल्याचं गावातल्या माणसांना माहीत होतं, खात्याला माहीत होतं. ती माहिती नकाशापर्यंत पोचवणं कोणाचं काम, हे मात्र ठरलेलं नव्हतं. इथे ‘ही रेघ मारली कोणी?’ हा प्रश्न बदलतो आणि ‘ही रेघ पुसायची कोणी?’ असा होतो.

मग करायचं काय?

याला एक बऱ्यापैकी उत्तर ब्रिटनमधूनच निघालं. तिथला सरकारी नकाशांचा डेटा महाग आणि बंदिस्त होता, म्हणून २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला. विकिपीडियासारखा, कोणीही बदल करू शकेल असा. त्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ‘हिस्टरी’. प्रत्येक रस्त्याचा, प्रत्येक नावाचा इतिहास उघडता येतो: बदल कधी झाला, कोणत्या खात्यावरून झाला, आधी काय होतं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. अशा वेळी जुनं नाव, नवं नाव आणि मराठी नाव वेगवेगळ्या रकान्यांत शेजारी-शेजारी ठेवायची सोय तिथे आहे.

तोही काही निर्दोष नाही. त्याचा मूळ नकाशा प्रत्यक्ष ताबा कोणाचा यावर सीमा दाखवतो, त्यामुळे भारतातल्या ॲपला तो जसाच्या तसा वापरता येत नाही. पण मतभेद कुठे आहे, ते निदान उघड दिसतं.

आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. गावातला रस्ता बंद असेल किंवा पूल खचला असेल, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून थांबू नका. नकाशाच्या ॲपमध्ये चूक नोंदवा आणि ग्रामपंचायतीला किंवा बांधकाम विभागाला लेखी कळवा. आणि तुम्ही स्वतः ॲप बनवत असाल, तर नकाशावर एक छोटी ओळ टाका: ही कोणत्या देशाची आवृत्ती आहे आणि माहिती कधीची आहे. कोड लिहायला अर्धा दिवसही लागणार नाही.

‘मॅप मेन’चे दोघं पुढच्या भागातही कागदाचा नकाशा उलगडून त्यातल्या एखाद्या वेड्या रेघेवर बोट ठेवतील आणि आपण हसू. कारण त्यांचं बोट जिथे आहे, तीच रेघ आपल्यालाही दिसत असेल. फोनमधल्या नकाशाकडून मागणी तेवढीच आहे. रेघ चुकली तरी चालेल, पण बोट ठेवता आलं पाहिजे.