आधी हिमोग्लोबिन, मग चरबी

पोटाची किंवा मांडीची चरबी सुईने काढून ती डोळ्यांखालच्या खोलगट भागात भरणे, ही शस्त्रक्रिया आता नट-नट्यांपुरती राहिलेली नाही. पनवेल, नवी मुंबई, पुण्यातल्या क्लिनिकांच्या जाहिराती कर्जत-खालापूरच्या मोबाइलवरही पोहोचतात आणि ‘तुमचीच चरबी, म्हणजे नैसर्गिक’ हे त्यांचे पालुपद असते. शस्त्रक्रिया खोटी नाही. योग्य माणसाला तिचा फायदाही होतो. आक्षेप आहे तो क्रमाला. जे सर्वात शेवटी करायचे, ते सर्वात आधी विकले जाते. आणि जे एकदा केले की सहज परतवता येत नाही, ते फेशियलसारखे पॅकेज करून, सवलतीची मुदत घालून विकले जाते.

‘डोळे खोल गेलेत’ असे आपण ज्याला म्हणतो त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक खरा खड्डा: डोळ्याच्या खोबणीच्या काठाजवळची आणि गालाची चरबी वयाने ओसरते, हाडही थोडे झिजते आणि तिथे घळ पडते. काही घराण्यांत ती विशीतच दिसते. दुसरा त्वचेचा काळेपणा. तिसरा थकवा आणि रक्त कमी असल्याने आलेला फिकटपणा. पापणीची त्वचा शरीरात सर्वात पातळ, त्यामुळे तिच्याखालच्या शिरा लगेच निळसर दिसू लागतात. चरबी भरून फक्त पहिली गोष्ट सुधारते. ढोबळ फरक घरच्या आरशातही कळतो. छताच्या दिव्याखाली काळे दिसणारे वर्तुळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिल्यावर पुसट झाले, तर ती बहुधा खड्ड्याची सावली. समोरच्या उजेडातही ते तसेच राहिले, तर रंग त्वचेचाच, आणि तिथे कितीही चरबी भरली तरी काळे ते काळेच.

आपल्या भागात हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. कर्जतहून मुंबईला अप-डाऊन करणाऱ्याचा एका बाजूचा प्रवासच शंभर किलोमीटरचा, लोकलने दोन तासांचा. खोपोलीकराचा त्याहून लांब. खालापूरच्या कारखान्यांत रात्रपाळ्या चालतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे डोळ्यांची तक्रार घेऊन आलेल्या दोन बायकांपैकी एकीचे रक्त कमी असण्याची शक्यता धरूनच चालायला हवे. हिमोग्लोबिनची तपासणी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात होते, गावातल्या कुठल्याही लॅबमध्ये किरकोळ पैशांत होते. ती न करता हजारो रुपयांची शस्त्रक्रिया ठरवणारा डॉक्टर घाईत आहे, एवढे नक्की.

‘स्वतःचीच चरबी, मग धोका कसला?’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे, पण अर्धाच खरा आहे. 1893 मध्ये गुस्ताव्ह नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने दंडाची चरबी काढून एका रुग्णाच्या डोळ्याखालचा, आजाराच्या व्रणाने खचलेला भाग भरला. बदामाहून मोठे तुकडे टिकत नाहीत, हेही त्याने तेव्हाच नोंदवले. आजची पद्धत याच अडचणीवरचा तोडगा आहे. न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी ती 1990 च्या दशकात रुळवली: बारीक नळीने चरबी ओढायची, यंत्रात फिरवून तेल आणि रक्त वेगळे करायचे आणि एकेका बाजूला जेमतेम एक-दोन मिलिलिटर, थेंबाथेंबाने, हाडालगत सोडायची. नव्या जागी रक्तपुरवठा मिळाला तेवढ्या पेशी जगतात, बाकीच्या विरघळतात. किती जगतील हे आधी कोणी सांगू शकत नाही. चित्र स्पष्ट व्हायला तीन ते सहा महिने लागतात. जास्त जगल्या तर त्या पातळ त्वचेखाली गाठी दिसतात. पुढे वजन वाढले की त्या जागेची चरबीही फुगू शकते. चरबीऐवजी भरतात ते हायलुरॉनिक आम्लाचे फिलर बिघडले तर ते विरघळवणारे इंजेक्शन आहे. चरबीला तसे इंजेक्शन नाही, पुन्हा शस्त्रक्रियाच. चरबी चुकून रक्तवाहिनीत गेली तर दृष्टी जाऊ शकते. हे दुर्मिळ आहे, पण कल्पित नाही. चेहऱ्यावरच्या इंजेक्शनांनी अंधत्व आलेल्या जगभरातल्या 98 घटनांचा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातल्या जवळपास निम्म्या घटनांत भरलेला पदार्थ चरबी हाच होता. बहुतेक इंजेक्शने भुवयांच्या मधली, नाकावरची होती, डोळ्यांखालची नव्हेत, हेही सांगितले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, फिलर दरवर्षी-दीड वर्षाने पुन्हा भरावे लागते, चरबी एकदाच. हिशेबात तीच स्वस्त. हिशेब बरोबर आहे, पण निकाल चांगला लागला तरच. दुसरा आक्षेप उलट्या टोकाचा: वाड्या-पाड्यांवर पाण्याची बोंब असताना हे चोचले कशाला? हा टोमणा मला पटत नाही. रिसॉर्टच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलीला ‘आजारी आहेस का?’ हा प्रश्न रोज ऐकावा लागत असेल, तर तो त्रास खराच आहे. आईचे, मावशीचे डोळे असेच, रक्त उत्तम, झोप पुरेशी, तरीही खड्डा आहे, अशा व्यक्तीने ही शस्त्रक्रिया खुशाल करावी. द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गालाचे हाड मोडून डोळा आत गेलेल्याचे प्रकरण तर सौंदर्याचे नाहीच. त्याने क्लिनिकच्या पायऱ्या न चढता मुंबईतल्या केईएम किंवा सायन रुग्णालयाचा प्लास्टिक सर्जरी विभाग गाठावा. जीएसटीचा कायदाही हा भेद करतो: अपघाताची किंवा जन्मजात दोषाची दुरुस्ती करमुक्त, निव्वळ सौंदर्यासाठीची नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच सांगून ठेवले आहे की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे अशा उपचारांसाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे. महाराष्ट्रात 2021 च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणेही बंधनकारक केले. पण नियम भिंतीवर राहतात आणि सुई डोळ्याखाली जाते. म्हणून पैसे भरण्याआधी रक्ताचा अहवाल दाखवा, हा खड्डा आहे की रंग हे स्पष्ट विचारा, सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का ते पाहा. सहा महिन्यांनी गाठ उरली तर ती कोण काढणार आणि कोणाच्या खर्चाने, हे लेखी घ्या. लेखी द्यायला नकार मिळाला तर खुर्चीवरून उठा आणि परतीची कर्जत लोकल पकडा.